एकशे पासष्टचा मॉनिटर

बत्तीस वर्षं मी शहरात बस चालवली, गाडीला एक ओरखडा नाही. आणि दर रविवारी दुपारी परगावी राहणारी माझी लेक मला कॉम्प्युटरवरच्या कार रेसमध्ये धूळ चारायची. तिची आई गेल्यापासून आमचं बोलणं ते एवढंच, कानाला हेडफोन लावून, गाड्या पळवता पळवता. हल्ली मात्र ती म्हणायची, "बाबा, आज एकच रेस हं." जिंकून जिंकून कंटाळली असणार. रविवारही गेला तर माझ्याकडे उरणार काय, चार भिंती?

म्हणून मी खापर मॉनिटरवर फोडलं. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणा हवं तर.

दुकानातला विक्रेता म्हणाला, "काका, तुमच्या जुन्यावर चित्र सेकंदाला साठदा बदलतं. यावर एकशे पासष्टदा. गाडी कशी अलगद सरकेल बघा."

"माझ्या घरात वर्ष वर्ष काही बदलत नाही, आणि हे सेकंदाला एकशे पासष्टदा?"

तो हसला नाही. शेजारच्या मॉनिटरचा पडदा मोठा होता, रंगही झकास. पण तो पंच्याहत्तरचाच. मी रंगांवर पाणी सोडलं.

पहिल्याच रविवारी जिंकलो! पुढच्याही. "लोण्यासारखं चालतंय गं," मी फुशारकी मारायचो. "दिसतंय, बाबा," ती म्हणायची. एका रेसच्या तीन झाल्या.

तीन महिन्यांनी केबल सैल झाली म्हणून दुकानाचा टेक्निशियन घरी आला. सेटिंग उघडून थबकला. "काका, हा अजून साठवरच चालतोय. नुसता जोडून भागत नाही, इथे जाऊन आकडा निवडावा लागतो. बरेच जण विसरतात." त्याने एकशे पासष्ट निवडलं. माउसचा बाण आता खरंच लोण्यासारखा सरकला.

तो गेला तरी मी तसाच खुर्चीत बसून राहिलो. मग तीन महिने मी जिंकत कसा होतो?

रविवारी मी रेसपेक्षा तिच्या गाडीवरच नजर ठेवली. शेवटच्या वळणानंतर सरळ, मोकळा रस्ता. ती पुढे होती, आणि तिथेच तिच्या गाडीचे मागचे लाल दिवे लागले. आधीही लागत असतील. जिंकण्याच्या नादात मी पाहिले नव्हते. मोकळ्या रस्त्यावर कुणी उगाच ब्रेक मारत नाही, एवढं मला कळतं. आधी राग आला. मग एका रेसच्या तीन कशा झाल्या, ते आठवलं.

मीही ब्रेक दाबला. रेषेच्या अलीकडे, तिच्या शेजारी गाडी उभी केली.

"बाबा, काय झालं? जा ना पुढे."

"नको. पुढे गेलो की रेस संपते."

तिच्या गाडीचे लाल दिवे तसेच लागलेले राहिले.

"मग थांबू या," ती म्हणाली. "माझ्याकडे तरी कोण येणार आहे आज?"