आम्ही म्हणजे कोण?

"आमची साखर सकाळी बरी असते, दुपारी चढते," मी म्हणाले.

मुलांच्या विभागातल्या सिस्टरनी पेन खाली ठेवलं. "आमची म्हणजे? तुम्हालाही मधुमेह आहे का?"

ठमी फिसकन हसली. सतरा वर्षांची माझी लेक, बदकांची चित्रं असलेल्या बुटक्या खुर्चीत गुडघे हनुवटीशी घेऊन बसली होती. ती चार वर्षांची असताना आजार निघाला, तेव्हापासून आम्ही इंजेक्शन घेतो, आम्ही डबा संपवतो, आम्ही घाबरत नाही. डॉक्टर तिला विचारायचे, ती माझ्याकडे बघायची आणि मी पोपटासारखी बोलायचे.

"पुढच्या महिन्यात ही मोठ्यांच्या विभागात जाणार," सिस्टर म्हणाल्या. "तिथे थेट हिच्याशी बोलतील. सवय करा. दोघींनी."

सलग दोन तपासण्यांत तिची सरासरी साखर वाढली होती. असंच चाललं तर डोळ्यांचं काय, किडनीचं काय, ते मी नको तितकं वाचलं होतं. कुठेतरी चुकत होतं आणि ठमी ताकास तूर लागू देत नव्हती. "सगळं वेळेवर घेते गं आई," एवढंच. मला सांगत नाही ती परक्या डॉक्टरांना काय सांगणार?

पण आता तिनंच बोलायचं, ठरवलं म्हणजे ठरवलं. घरी सराव सुरू झाला. नवरा नाकावर चष्मा ओढून डॉक्टर व्हायचा. "बोला, कसला त्रास?"

"बाबांचा," ठमी म्हणायची.

मी 'आम्ही' म्हटलं की शिक्षा म्हणून भांडी माझ्याकडे. त्या महिन्यात भांडी बहुतेक मीच घासली. इन्सुलिन संपत आलेलं दिसलं तरी जीभ आवरून गप्प बसले. शेवटी तीच पळत औषधांच्या दुकानात गेली.

मोठ्यांच्या विभागात भिंती कोऱ्या होत्या. बाकावर एक आजोबा, पायाला जाड पट्टी. ठमीनं ती पट्टी पाहिली, माझा हात धरला आणि लगेच सोडला.

आमचा, नाही, तिचा नंबर आला. आत माझ्याच वयाच्या डॉक्टर बाई.

"नमस्कार डॉक्टरकाका," ठमी सवयीनं बोलून गेली.

"काका अजून कुणी केलं नव्हतं मला," बाई म्हणाल्या. "बसा. दुपारचे आकडे फार वर दिसतात. तुम्हाला काय वाटतं, कशामुळे?"

तुम्हाला! आमच्या ठमीला अहो-जाहो!

तिनं माझ्याकडे पाहिलं. ओठांवर आलेलं मी गिळलं आणि खिडकीकडे बघत राहिले.

"आई," ठमी म्हणाली, "तू बाहेर बसशील?"

मी उठले आणि दार माझ्याच हातानं ओढून घेतलं.

"पेशंट कोण?" आजोबांनी विचारलं.

"मुलगी."

"मग तुम्ही बाहेर कशा?"

"ती आत आहे ना, म्हणून."

दाराआडून शब्द कळत नव्हते, आवाज तेवढा ओळखू येत होता. आधी बाईंचा. मग तिचा. मग बराच वेळ तिचाच.

ती बाहेर आली तेव्हा नाक लाल झालं होतं. औषधांच्या कागदासाठी मी हात पुढे केला, तर तिनं तो स्वतःच्या पिशवीत टाकला.

"दुपारचं इंजेक्शन मी कॉलेजात घेतच नव्हते," जिना उतरताना म्हणाली. "मुली टकामका बघतात. बाईंना सांगितलं सगळं. उद्यापासून घेणार. तिथेच, वर्गात. बघू देत." मग माझ्याकडे वळली. "रागावलीस?"

"खूप. पण घरी गेल्यावर."

"बरं. भूक लागलीय मला."

"आम्हालाही."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी. एकटी."

"भांडी तुझ्याकडे," ती म्हणाली.

दवाखान्याच्या कँटीनमध्ये भर दुपारची गर्दी होती. जेवण समोर आलं तशी तिनं पिशवीतून इन्सुलिनचं पेन काढलं, डोसचा आकडा स्वतःच लावला आणि सगळ्यांदेखत कुडत्याची कड वर केली. शेजारच्या टेबलावरची बाई टक लावून बघत होती.

मी आकडा बघितला नाही. पाणी ओतत राहिले, पेला भरून वाहू लागला तरी.