चाफ्याखालची वाट

सायकलवाला पहिल्यांदा आला तो फेब्रुवारीतल्या एका रविवारी, आणि दयारामला तो बघताक्षणीच आवडला नाही. तसे सायकलवाले वेळूघर गावाला नवे नव्हते. शिरसाडहून वज्रेश्वरीकडे जाणारे तंग कपड्यांतले पुष्कळ जण सकाळी डांबरी रस्त्यावरून निघून जात. कुणी थांबत नसे, आणि न थांबणाऱ्या माणसाबद्दल दयारामची कधीच तक्रार नव्हती. हा मात्र डांबर सोडून तानसेच्या काठाने, मुरमाच्या वाटेने आला. जाडजूड टायरची सायकल घेऊन थेट वाडीच्या कुंपणाशी थांबला. हँडलला बसवलेल्या फोनकडे बघितलं, मग कुंपणाकडे, मग पुन्हा फोनकडे.

दयाराम आकडीने सोनचाफ्याची फुलं काढत होता. तो झाडाआड तसाच उभा राहिला. माणूस आपल्याला बघत नाही तोवर त्याला नीट बघून घ्यावं, हा त्याचा जुना नियम.

"काका," सायकलवाल्याने हाक मारलीच. "इथून पुढे नदीच्या कडेने वाट जाते ना?"

"नाय."

"जुन्या मॅपमध्ये दिसतेय. पाड्यापर्यंत, आणि तिथून सरळ वज्रेश्वरीला."

"इथं वाट नाय. कधी नव्हती."

"ओके," तो म्हणाला आणि हसला. त्या हसण्याचाच दयारामला संशय आला.

विचारल्यावर त्याने सगळं सांगितलं. नाव प्रणव, राहायला बोळिंजला, एका सोसायटीत सातव्या मजल्यावर. निर्मळचं तळं, सोपाऱ्याचा स्तूप, मग इकडे तानसेचं खोरं आणि शेवटी वज्रेश्वरीचं देऊळ, असा दिवसभराचा एक रस्ता त्याला जुळवायचा होता. सगळा मातीवरून आणि खडीवरून, डांबर जेवढं कमी तेवढं चांगलं. आता बोला. गावंच्या गावं डांबरासाठी पुढाऱ्यांच्या दारात उभी असतात आणि हा गडी डांबर चुकवायला सातव्या मजल्यावरून खाली उतरलाय. यावर कोण शहाणा विश्वास ठेवेल?

दयारामने नाही ठेवला. या भागाला एक अनुभव होता. आधी यंत्र घेऊन कुणीतरी गोड बोलणारा येतो, फोटो काढतो, पाणी मागतो. वर्षभराने नोटीस येते, की अमुक मार्गासाठी तुमची इतकी जमीन जाते आहे. आजूबाजूच्या चार गावांत हे झालं होतं.

पण खरं सांगायचं तर दयारामची भीती नोटिशीची नव्हती. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. अठरा वर्षांपूर्वी त्याने वाडीचं कुंपण नदीच्या बाजूने दहा फूट पुढे सरकवलं होतं. त्या दहा फुटांतून गावाची जुनी वाट जात होती. पाड्यावरच्या बाया त्या वाटेने डोक्यावर भारे घेऊन बाजाराला यायच्या, पोरं शाळेत यायची. दयारामने एका पावसाळ्यात तिथे चाफ्याची चाळीस कलमं लावली आणि करवंदीचं कुंपण घातलं. पाड्यावरची माणसं दोनचार दिवस कुंपणाशी येऊन थांबली, मग टेकडीला वळसा घालून जायला लागली. भांडायला कुणी आलं नाही. भांडले असते तर कदाचित त्याने सोडूनही दिली असती. आता तीच चाळीस झाडं घर चालवत होती, लेकीचं, भाविकाचं लग्न त्यांच्यावरच झालं होतं.

पुढच्या रविवारी प्रणव परत आला, आणि त्याच्याबरोबर ऋतिका नावाची एक मुलगी होती. दोघं कुंपणाशी सायकली टेकवून झाडांकडे हात करून काहीतरी बोलत होती. झाडं मोजतायत, दयारामच्या मनाने लगेच घेतलं. त्याच्या पुढच्या रविवारी पाड्यावरची लखमी त्या दोघांना हात लांब करून काहीतरी दाखवताना त्याने लांबून पाहिली. चौथ्या रविवारी तो बाजारातून परतला तर ओट्यावर दोन रिकामे पेले.

"कोन आलेलं?" त्याने बायकोला विचारलं.

"सायकलवाला. पानी मागितलं, दिलं," सुशीला म्हणाली.

"काय विचारत होता?"

"चाफा किती वर्सांचा म्हनून विचारलं. अठरा म्हटलं."

चाफ्याचं वय म्हणजे कुंपणाचं वय. ज्याला काढायचं होतं त्याने ते चार घोट पाण्यात काढून घेतलं होतं, आणि बाईला वाटत होतं आपण पुण्य केलं.

दुसऱ्या दिवशी तो दिनानाथकडे गेला. दिनानाथ तहसील कचेरीच्या आवारात वीस वर्षं अर्ज लिहायचा, त्यामुळे गावात त्याला निम्मा वकील समजत. उरलेला निम्मा कुठे होता ते कुणी विचारत नसे.

"सोपं हाय," दिनानाथ म्हणाला. "तुझी वहिवाट किती वर्सांची? अठरा. बारा झाली की जमीन कसनाऱ्याची. आता तूच मोजनी मागव. सरकारी मानूस येईल, कुंपनावर दगड रोवून जाईल. मग सायकलवाला येवो नाहीतर इमानवाला."

दयारामला हे फार पटलं. अठरा वर्षं ज्या कुंपणाला आपण हद्द म्हणत आलो ती हद्दच असणार, असं त्यालाही आताशा वाटायला लागलं होतं.

सुशीलाला नाही पटलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "कुनी काय म्हटलं नाय आजवर. तुमी कशाला नसतं दुखनं विकत घेता?"

"तुला त्या पोराची लय बाजू," दयाराम म्हणाला आणि अर्ज करून आला.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी मोजणी झाली. कायद्याप्रमाणे शेजाऱ्यापाजाऱ्यांना नोटिसा गेल्या होत्या, त्यामुळे गाव जमलं. पाड्यावरूनही दहाबारा माणसं आली आणि टेकडीच्या बाजूला सावलीत उभी राहिली. दयाराम त्या गर्दीत प्रणवला शोधत होता. तो दिसला नाही, म्हणजे मागून सूत्रं हलवतोय, अशी त्याची खात्रीच झाली.

मोजणीला संपदा नावाची तरुण अधिकारी आली होती. तिने काठीवर बसवलेलं यंत्र ठिकठिकाणी उभं केलं आणि गावनकाशा गाडीच्या बोनेटवर पसरून आकडे त्याच्याशी ताडून पाहिले. मग ती कुंपणापासून तीन-चार पावलं आत आली, चाफ्याच्या दोन रांगा ओलांडल्या, आणि म्हणाली, "काका, तुमची हद्द इथे संपते."

"कुंपन तिकडं हाय," दयाराम म्हणाला.

"कुंपण आहे, हद्द इथे आहे. त्या दोन्हींच्या मधून ही तुटक रेघ जाते बघा. गावाची वाट आहे ही."

"बारा वर्सं वहिवाट—"

"गावाच्या वाटेला ते चालत नाही, काका." ती हळूच बोलली, कारण तिला वाईट वाटलं होतं. "तुम्ही मोजणी मागितलीत म्हणून कागदावर आलं. आता मला लिहावंच लागणार."

दयारामने दिनानाथला शोधलं. दिनानाथला घरी काम निघालं होतं.

चुन्याची फक्की मारत माणसं चाफ्यांच्या मधून गेली. त्यांच्या मागे सावलीतून लखमी उठून आली. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ती फक्कीवरून चालत शेवटच्या झाडापर्यंत गेली आणि तिथून खाली नदीकडे बघत म्हणाली, "हितंच उतार होता. पायाला ठावं हाय अजून." तिच्या आवाजात राग नव्हता. दयारामला मात्र आपली चामडी कुणीतरी सोलतंय असं वाटलं.

रविवारी प्रणव आला तेव्हा दयाराम कुंपणाशी त्याची वाटच बघत होता. चार दिवस झोपेत आणि जागेपणी तो हेच बोलणं घोळवत होता.

"झालं ना तुझ्या मनासारखं?" तो म्हणाला. "नकाशा दाखवलास, पाड्याला फूस दिलीस. बायकोकडनं झाडांचं वय काढून घेतलंस."

प्रणव गोंधळून चुन्याच्या रेघेकडे बघत राहिला. "काका, मी कुणाला काहीच दाखवलं नाही. लखमीताईंना टेकडीवरचा वळसा विचारला होता, तेवढंच."

"मग हितं दर रविवारी थांबायचास कशाला?"

"सावली आहे, वास येतो चाफ्याचा. ऋतिकाला गॅलरीत कलम लावायचंय, म्हणून वय विचारलं. किती वर्षांनी फुलतं ते बघायला." त्याने फोन काढून पुढे धरला. त्यावर लाल रेघ नदीच्या काठाने येत होती आणि वाडीपाशी येऊन टेकडीकडे वळत होती. "ती वाट मी पहिल्याच दिवशी काढून टाकली. तुम्ही म्हणालात ना, कधी नव्हती म्हणून. तुम्ही इथले. म्हटलं, नकाशाच चुकला असेल."

दयारामला त्या लाल रेघेवरून नजर काढता येईना. रेघ वाडीला किती जपून वळसा घालून गेली होती. अख्ख्या जगात एका माणसाने त्याचं बोलणं खरं मानून वाट पुसून टाकली होती, आणि त्याच माणसाच्या भीतीने दयारामने ती स्वतःहून परत आखून घेतली होती. त्याला रडू आलं असतं, पण परक्यासमोर रडायची त्याला सवय नव्हती.

"म्हणजे वाट होती का इथे?" प्रणवने विचारलं. "परत टाकू मॅपवर?"

वाट मोकळी करायचा हुकूम अजून यायचा होता. तारखा लागतील, अपील करता येईल, असं दिनानाथ काल पुन्हा सांगून गेला होता. आताही नाही म्हटलं असतं तरी पोरगा ते खरं मानणार होता. पलीकडे टेकडीवरून दोन बाया भारे घेऊन वळसा उतरत होत्या, आणि आज पहिल्यांदाच दयारामने त्यांना पायथ्याला येईपर्यंत बघितलं. बराच वेळ लागला त्यांना.

"होती," तो म्हणाला. "मीच बुजवली."

प्रणवने मान हलवली, रेघ सरळ केली, आणि या वेळीही त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला.