मी कॉमन नाही

"भाडेकरू? कोण भाडेकरू?" बेरिलनं मांडीवरची पर्स उचलून वकिलाच्या टेबलावर आपटली. "बंगल्याचे पैसे आम्ही भरायचे आणि वर भाडेकरूही आम्हीच?"

बेरिल माझी थोरली बहीण. तिच्या शेजारी क्लिफ, तिचा दुसरा नवरा. मी मागच्या खुर्चीत. मी तिथे असण्याचं कारण एवढंच की चेस्टरफील्डहून मेबलथॉर्पच्या समुद्रापर्यंत गाडी मी हाकत आणली होती.

वकील म्हातारा होता, सोशिक होता. "बाई, हा कायद्यातला जुना शब्द आहे. जमीन मुळात राणीची मानतात, म्हणून मालकालाही टेनंटच म्हणायचं. दोघांनी मिळून घर घेतलं की त्यात दोन प्रकार येतात. एक जॉइंट टेनंट्स. दुसरा टेनंट्स इन कॉमन."

"कॉमन?" बेरिलचा आवाज चढला. "मी?"

कॉमन म्हणजे हलक्या वळणाची; आमच्या आईच्या तोंडी याहून मोठी शिवी नव्हती. रस्त्यानं चालता चालता चिप्स खाणारी बाई कॉमन, केसांना कर्लर लावून दुकानात जाणारी कॉमन. आम्ही स्वतः राहायचो कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, भाड्याच्या घरात. दर शुक्रवारी भाडं मागायला माणूस यायचा. बाबांनी पगार पबमध्ये उडवलेला असला की आई रेडिओ बंद करायची, आम्हा दोघींना सोफ्यामागे ढकलायची आणि तोंडावर बोट ठेवायची. तो दार ठोकून ठोकून निघून जायचा. त्या सोफ्यामागे बसून बेरिल माझ्या कानात म्हणायची, "ऑड्री, मी मोठी झाले ना, की माझं स्वतःचं दार असेल. कुणीही वाजवू दे."

तेवढ्या एका दारासाठी ती आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे कुस्करत राहिली. पहिला नवरा खाणीतल्या अपघातात गेला. त्याच्या जिवाची म्हणून जी भरपाई मिळाली, तिला तिनं कधी हात लावला नाही. ते पैसे या बंगल्यात घालायचे होते. निम्मे तिचे, निम्मे क्लिफचे.

"टेनंट म्हणा हवं तर," बेरिल वकिलाला म्हणाली. "राणीसाहेबांची मर्जी. पण कॉमन मला कुणी म्हणायचं नाही. तो पहिला प्रकार आहे ना, तोच लिहा!"

आम्ही सगळेच हसलो. वकील हसता हसता पुढे बरंच काही समजावत होता. बेरिल पर्समध्ये चष्मा शोधत होती, आणि पार्किंगवाला माझ्या गाडीभोवती घुटमळायला लागल्यामुळे माझं लक्ष खिडकीबाहेर. क्लिफ तेवढा खुर्चीत पुढे सरकून ऐकत होता.

तो किस्सा पुढे दर नाताळाला रंगायचा. टर्की कापून झाली, शेरीचा दुसरा पेला पोटात गेला, की बेरिल चमचा आपटून म्हणायची, "मी वकिलाला तोंडावर सांगितलं, मी कॉमन नाही!" तिची मुलगी जनीन तर हे वाक्य तिच्याआधीच म्हणून टाकायची. क्लिफही हसायचा. खाली बघून, नॅपकिननं ओठ टिपत.

मग बेरिलला तो मेला आजार झाला. क्लिफला आजारपणाचा वास सहन होत नाही म्हणे! संडासाचं भांडं उचलायची वेळ आली की हा कुत्र्याला फिरवायला समुद्रावर. जनीन चेस्टरफील्डच्या आपल्या कौन्सिलच्या खोलीतून यायची-जायची. शेवटी बेरिलच म्हणाली, "अगं, दोन दोन ठिकाणी कशाला मरतेस? सोड ती खोली. इथला अर्धा बंगला तुझाच आहे, मी लिहून ठेवलंय." लिहून ठेवलंच होतं. दुकानातून मृत्युपत्राचा छापील कागद आणून, शेजारच्या दोघांच्या सह्या घेऊन, अगदी रीतसर. जनीननं कौन्सिलची खोली सोडली, किल्ली परत केली. ती खोली एकदा सोडली की पुन्हा मिळायला निम्मं आयुष्य जातं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आईच्या शब्दावर सोडली.

बेरिल वसंतात गेली. मृत्युपत्र घेऊन जनीन आणि मी त्याच ऑफिसात गेलो. म्हातारा वकील निवृत्त झाला होता. त्याच्या जागी एक तरुण बाई होती, बोलायला चांगली होती.

"मृत्युपत्र बरोबर आहे," ती म्हणाली. "पण घराला ते लागूच होत नाही. जॉइंट टेनंट्समध्ये कुणाचा वेगळा वाटा नसतो. एक गेला की सगळं घर आपोआप मागे राहिलेल्याचं होतं. देण्यासारखं तुमच्या आईच्या हातात काही नव्हतंच."

"पण माझ्या बाबांच्या जिवाचे पैसे आहेत त्यात," जनीन म्हणाली.

"दुसरा प्रकार निवडला असता तर तुम्हाला अर्धं मिळालं असतं. नंतरसुद्धा बदलता आलं असतं हो. त्यांनी क्लिफना नुसती एक लेखी नोटीस द्यायची होती."

"आणि आता?"

"आता कोर्टात जाऊन बघता येईल. पण मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही."

परत येताना गाडीत जनीननं मृत्युपत्राची घडी घालून पर्समध्ये टाकली. मग म्हणाली, "मावशी, ती कॉमन असती तर बरं झालं असतं गं."

मी तडक क्लिफसमोर जाऊन उभी राहिले. "तुला माहीत होतं. त्या दिवशी तू ऐकत होतास."

"वकील बोलत असला की ऐकावं माणसानं," क्लिफ म्हणाला. "कायदा काय मी केलाय, ऑड्री? आणि मी काही राक्षस नाही. राहू दे पोरीला मागच्या खोलीत. फक्त सगळं रीतसर असावं. दर आठवड्याला थोडं भाडं. बाजारात चाललंय त्याहून कमीच घेईन."

त्याच्या पुढ्यातला चहाचा कप मी उचलला; मेल्याच्या तोंडावर फेकावासा वाटला. पण जनीनला जायला दुसरी जागा नव्हती. मी स्वतःच मुलाकडे, एका खोलीत राहते. मी कप खाली ठेवला.

जनीन आता समुद्रावरच्या कॅफेत काम करते. उन्हाळा संपला की गिऱ्हाईक आटतं आणि तिचे तासही आटतात. क्लिफनं दिवाणखान्यात पाय वर करून बसायची नवी खुर्ची आणली आणि बेरिलचा सोफा मागच्या खोलीत लोटला.

मागच्या शुक्रवारी त्या खोलीत आम्ही दोघी चहा पीत बसलो होतो, रेडिओ लागला होता. पॅसेजमध्ये क्लिफच्या सपाता घासल्या आणि दार वाजलं.

"जनीन? आज शुक्रवार आहे गं."

जनीननं हात लांब करून रेडिओ बंद केला. माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावर बोट ठेवलं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बेरिलनं त्या शुक्रवारांबद्दल तिला कधीच सांगितलं नव्हतं, लाज वाटायची तिला.

दार पुन्हा वाजलं. माझे गुडघे आता वाकत नाहीत. तरी मी कप खाली ठेवला आणि भिंतीला धरत धरत बेरिलच्या सोफ्यामागे जाऊन बसले.