स्वरदाची चोरओटी

शनिवारी सकाळी मेलबर्नच्या टार्निट उपनगरातल्या त्या घरात पुरणाचा वास दरवळत होता. शैलाताई उठल्यापासून ओट्याशी उभ्या होत्या आणि त्यांचा मुलगा सिद्धार्थ डँडेनॉन्गच्या दुकानांतून आणलेलं सामान टेबलावर मांडत होता: हिरवा खण, नारळ, हळकुंडं, सुपाऱ्या. दुपारी ओळखीच्या चार बायका येणार होत्या. सुनेची चोरओटी होती. तिसऱ्या महिन्यात, बातमी गावभर करण्याआधी, जवळच्या सुवासिनींनी गुपचूप भरायची ती ओटी.

सून स्वरदा गरोदर आहे, हे शैलाताईंना कुणी सांगितलं नव्हतं. स्वरदाने तर नाहीच नाही. त्यांनी ते देवघरावरून ओळखलं होतं.

घर तसं सुधारलेलं. बाजूला बसणं, वेगळं ताट असलं काही नाही. "आम्ही तसले नाही हो," असं शैलाताई मेलबर्नला आल्यापासून भेटेल त्याला सांगत. फक्त 'त्या' दिवसांत सुनेने देवाला शिवायचं नाही, दिवा सिद्धार्थने लावायचा, एवढंच. पण या 'एवढंच'मुळे स्वरदाची पाळी कधी आली नि कधी चुकली, ते साऱ्या घराला कळायचं. चिंचवडहून व्हिडिओ कॉल करणाऱ्या नणंदेला, दीप्तीलासुद्धा. आणि आता बरेच दिवस दिवा स्वरदाच लावत होती. शैलाताईंनी मनाशी हिशेब केला, डोळे पुसले आणि दीप्तीला फोन लावला.

स्वरदाची पाळी कॉलेजात असल्यापासून अनियमित. लग्नानंतर पहिली एक-दोन वर्षं ती प्रत्येक उशिराला आनंदाची बातमी समजली, बाथरूममध्ये टेस्टची ती पट्टी हातात धरून रडली. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, की हा पीसीओएस आहे, हार्मोन्सचा विकार. पाळी लांबली म्हणजे दिवस राहिले असतीलही, नसतीलही. त्यामुळे अंदाज बांधत बसू नकोस, आधी टेस्ट कर. या वेळीही तिने केली. घरची टेस्ट निगेटिव्ह, रक्ताची निगेटिव्ह. "पाळी फार काळ आली नाही तर आतलं अस्तर जाड होत जातं, ते चांगलं नाही," असं म्हणून डॉक्टरांनी पाळी येण्यासाठी गोळ्या दिल्या.

त्या गोळ्या तशाच पडून होत्या. "पोटात जीव असताना गोळ्या? त्या टेस्टला काय कळतंय," असं शैलाताई म्हणाल्या होत्या. आणि सिद्धार्थ म्हणाला होता, "आईचं मन कशाला मोडतेस? थोडं थांबू या. काय फरक पडतो?"

फरक कुणाला पडणार होता ते उघड होतं. तरी स्वरदा थांबली. ऑफिसात पुलांची डिझाइन्स तपासताना भल्याभल्यांना चूक दाखवणारी ही बाई घरात शांतता राहावी म्हणून गप्प बसली. अशा गप्प बसण्याला आपल्याकडे समजूतदारपणा म्हणतात आणि त्याचं कौतुकही करतात.

दुपारी जेवणं उरकतायत तोच तिच्या पोटात जोराची कळ आली. बाथरूममधून ती बाहेर आली तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने सासूला खोलीत बोलावलं.

"आई, मला पाळी आलीये. खूप जातंय."

"काल ट्रेनसाठी धावलीस ना? सांगत होते मी."

"धावण्याचा काही संबंध नाही. दिवस राहिलेच नव्हते. तेव्हाही सांगितलं होतं मी."

शैलाताईंनी आवाज खाली आणला.

"हे बघ, बायका निघाल्या असतील. आज साडी नेस, ओटी घे, हसून बस. आठवड्याने सांगू, पडलं म्हणून."

"काय पडलं?"

"समजून घे गं. पाळीच येत नाही म्हटलं की लोक नाही नाही ते बोलतात. पडलं म्हटलं की निदान राहतं तरी, एवढं कळतं. हळहळतात, पुढच्या खेपेची वाट बघतात."

सिद्धार्थ दारात उभा राहून ऐकत होता. स्वरदाने त्याच्याकडे पाहिलं. "तू काय म्हणतोस?"

त्याने मान खाजवली. "आजच्या दिवसाचाच प्रश्न आहे ना. सगळ्यांना बोलावलंय, उगाच सीन नको."

"म्हणजे जे कधी नव्हतंच, त्या बाळासाठी मी रडायचं, आणि हे जे खरंखुरं होतंय ते लपवायचं."

यावर तो काही बोलणार तोच बेल वाजली. शैलाताई पदर सावरत बाहेर गेल्या.

स्वरदाला राग आला होता, आणि तो आधी स्वतःचा आला होता. तिने साडीला हात लावला नाही. ट्रॅकपँटवरच ती बाहेर आली. पाटाभोवती रांगोळी होती, शेजारच्या गल्लीतल्या विनीताने ओटीचं तबक हातात घेतलं होतं.

"अगं, अशी काय आलीस? बस ना."

"बसत नाही, विनीता. मी प्रेग्नंट नाहीये. नव्हतेच. मला पीसीओएस आहे, माझी पाळी महिनोन्‌महिने येत नाही. आज आलीये, आणि फार ब्लीडिंग होतंय, म्हणून मी डॉक्टरकडे चाललेय. तुम्ही पुरणपोळ्या खाऊन जा. आणि उद्या-परवा माझं मिसकॅरेज झाल्याचं कानावर आलं, तर ते खोटं आहे."

एकजण पुटपुटली, "असं चारचौघांत..."

"माझ्या पोटाची चर्चा चारचौघांतच चालली होती की. तेव्हा चाललं, मग पाळीनेच काय घोडं मारलंय? सिद्धार्थ, गाडी काढ."

"या गेल्या की लगेच निघू."

"आत्ता. नाहीतर विनीता सोडेल मला."

विनीताने तबक खाली ठेवून पर्स उचलली होती. ते पाहून सिद्धार्थ मुकाट्याने किल्ली घ्यायला गेला.

गाडी निघणार एवढ्यात शैलाताई गॅरेजमध्ये आल्या. त्यांनी गाडीचं दार धरून ठेवलं.

"सिद्धार्थ-दीप्तीच्या आधी माझं पहिलं गेलं, असं आमच्याकडे सगळे म्हणतात," त्या म्हणाल्या. "तसं काही झालंच नव्हतं. माझीही पाळी अशीच चुकायची. सासूबाईंनी शिकवलं तसं बोलले मी. बायका भेटायला आल्या तेव्हा रडलेसुद्धा. पुढे पुढे मलाच खरं वाटायला लागलं."

सिद्धार्थ वळून आईकडे बघत राहिला. त्या न जन्मलेल्या भावंडाची गोष्ट ऐकतच तो मोठा झाला होता.

स्वरदाला सासूची कणव आली, पण राग तेवढ्याने गेला नाही. "मग तेच माझ्या गळ्यात बांधताना काहीच वाटलं नाही तुम्हाला?"

शैलाताईंनी गाडीचं दार सोडलं. "मी येऊ का बरोबर?" त्यांनी विचारलं.

"या. पण चिंचवडला फोन करून खरं काय ते तुम्हीच सांगायचं. पडलं नाही, राहिलंच नव्हतं, असं."

शैलाताई मागच्या सीटवर बसल्या. गाडी गल्लीच्या टोकाला वळायच्या आत त्यांनी मुलीला फोन लावला.

"दीप्ती," त्या म्हणाल्या, "मी तुला खोटं सांगितलं. स्वरदाचंही, आणि माझंही."