हाताने लावलेले बोल्ट

डोंबिवलीच्या संदेशला आपल्या गाडीला गॅरेजवाल्याचा हात लागलेला खपत नसे. व्हिडिओ बघितला की आपण अर्धे मेकॅनिक झालो, असं त्याचं ठाम मत. पुढचे ब्रेक पॅड झिजले, तेव्हा त्याने खंडेनवमीला सोसायटीच्या पार्किंगमध्येच चाकं खोलली. उजवं चाक झालं. डाव्या बाजूला ब्रेक पॅड धरणाऱ्या कॅलिपरचे बोल्ट हाताने फिरवून लावले, पान्याने आवळणार, तेवढ्यात कंपनीतून फोन आला आणि तो बोलत बोलत गेटपर्यंत गेला. त्याची आई, रखमाबाई, खाली आली आणि पाने उचलून पूजेला घेऊन गेली. पूजेतल्या हत्याराला दसरा उलटेपर्यंत हात लावायचा नाही, हा तिचा नेम. परत आल्यावर संदेशने डिकीतल्या पान्याने चाक चढवलं आणि काम फत्ते झालं असं समजून हात धुतले.

गाडी चालू केली तर ब्रेकच्या एबीएस यंत्रणेचा पिवळा दिवा पेटलेला. पण ब्रेक लागत होते.

"सेन्सर मळला असेल," तो दसऱ्याच्या सकाळी बायकोला, समीक्षाला म्हणाला. "बिनधास्त जा." ती रखमाबाईंना आणि छोट्या लेकीला, प्राचीला घेऊन नौपाड्याला बहिणीकडे निघाली. कंपनीतली पूजा उरकून तो स्कूटरने जाणार होता.

शर्टाला इस्त्री करता करता त्याने दिव्याबद्दलचा एक व्हिडिओ लावला. त्यातला माणूस सांगत होता, "ब्रेकच्या कामानंतर दिवा लागला, तर आधी सेन्सरची वायर ताणलीय का बघा. ब्रेकचा कॅलिपर सैल असला की तो हलतो आणि वायर ओढतो."

सैल कसा असेल? संदेशने मनातल्या मनात कालचं सगळं काम पुन्हा केलं. डाव्या चाकाशी येऊन त्याचा हात थांबला. बोल्ट आवळले कधी? त्याने देव्हाऱ्यासमोर बघितलं. पाने हळदकुंकू लावून ओळीने मांडलेले होते. त्याने इस्त्री बंद करून फोन उचलला.

समीक्षा गाडी चालवताना फोन घेत नसे. त्याने आईला लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला.

"काय रे? आम्ही बायपासच्या चढावर आहोत. केवढे कंटेनर बाई!"

मुंब्रा बायपास. चढ संपला की लांबलचक उतार. थांबव म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि तसाच राहिला. थांबव म्हटलं, की ती ब्रेकच दाबणार, आणि त्या झटक्याने सैल कॅलिपर निसटला तर ब्रेकच जाणार.

"आई, फोन स्पीकरवर टाक. समीक्षा, ऐक. ब्रेकला पाय लावू नको. ॲक्सिलरेटर सोड. इंडिकेटर दे, डावीकडे घे."

"अरे, झालं काय?"

"चढ संपायच्या आत थांबायचंय. गिअर खाली आण. आता हँडब्रेक, एकदम नाही, हळूहळू ओढ."

मागून कर्कश हॉर्न वाजला. प्राची किंचाळली. मग फोन बंद.

संदेश पायात चप्पल न घालताच खाली धावला आणि स्कूटर काढली. शिळफाट्यापर्यंतचा रस्ता त्याला पुढे कधीच आठवला नाही. अपघात झालेल्या गाड्या तेवढ्या दिसत होत्या, आणि त्यांतली एकही खरी नव्हती. देवा, काहीही कर, पण त्यांना सांभाळ, एवढंच तो पुटपुटत होता. एवढा तो आयुष्यात कधी घाबरला नव्हता.

गाडी चढाच्या अगदी टोकाला, कठड्याला लागून उभी होती. रखमाबाई प्राचीला कुशीत घेऊन कठड्यापाशी बसल्या होत्या. संदेशने आधी लेकीला चाचपलं, मग पुढच्या डाव्या चाकामागे वाकून मोबाइलचा उजेड पाडला. कॅलिपरचा खालचा बोल्ट पडून गेला होता. वरचा दोन-तीन आट्यांवर लोंबकळत होता.

"मीच उचलले रे ते पाने," रखमाबाई म्हणाल्या.

"नाही आई. बघायला मी हवं होतं."

समीक्षा अजून आतच होती. हँडब्रेक वर होता, इंजिन बंद होतं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर गच्च. संदेशने दार उघडलं, तरी तिने समोरची नजर हलवली नाही.

"सोडू का आता?" तिने विचारलं.

"सोड."

पण तिची बोटं उघडेनात. तो खाली गुडघ्यावर बसला आणि एकेक बोट सोडवू लागला. पहिलं बोटही लवकर सुटेना.