ऑर्लिन आणि रस्त्यातला बायसन

जन्मभर गुरं राखलेला माणूस कुठल्याही जनावराला भीत नाही. हे मत माझ्या सासऱ्यांचं, ऑर्लिन ट्वेट यांचं. ते त्यांनी गाडीत माझ्या शेजारी बसून, काच पुरती वर करून मांडलं, कारण बाहेर एक गाढव बिस्किटं मागत होतं.

साऊथ डकोटातली आमची बाजू सपाट. गहू निघाला की ऑगस्टमध्ये ऑर्लिन आणि माझ्या सासूबाई आर्डिस पश्चिमेच्या डोंगरात, सोन्याच्या जुन्या खाणींच्या गावात कॅसिनोला जातात आणि गाडी चालवायला मला नेतात. लूथरन चर्चमध्ये मात्र "डोंगर बघायला चाललोय" असं सांगतात, आणि एकदा सांगितलं की डोंगर बघणं आलंच. सकाळी आर्डिस पर्स मांडीवर धरून, प्रवचनाला बसावं तशा एका मशीनसमोर बसतात. ऑर्लिन दुसऱ्या कॅसिनोत स्वस्त नाश्ता खातात आणि हरणाऱ्यांची तोंडं बघतात. दुपारनंतर मग प्रायश्चित्त: डोंगरात कोरलेली राष्ट्राध्यक्षांची डोकी, सापांचं संग्रहालय, आणि त्या दिवशी राखीव कुरणातला रस्ता.

एका वळणावर बायसन, म्हणजे आमच्याकडचा केसाळ रानबैल, उभा होता. अगदी मध्यावर, आडवा. खांद्याची उंची आमच्या गाडीच्या टपाएवढी. मी ब्रेक दाबला. मागे एक गाडी थांबली, तिच्या मागे आणखी एक. कोणीही हॉर्न वाजवला नाही. आमच्याकडे हॉर्न वाजवणं हे उद्धटपणाचं मानतात, आणि मरण समोर असलं तरी रीत ती रीत.

"जाईल तो," मी म्हणालो.

"जनावर आपणहून जात नाही, लायल," ऑर्लिन म्हणाले. "त्याला सांगावं लागतं."

आणि दार उघडून ते उतरले.

ऑर्लिन ब्याऐंशीचे. खुबा गेल्या वसंतात नवा बसवलेला. टोपी हातात घेऊन, ती मांडीवर आपटत, ते आपल्या गोठ्यातल्या कालवडीकडे निघाल्यासारखे चालत गेले. तोंडाने चालू होतं, "हो, हो, चल, सरक बाई, सरक."

"तो बाई नाहीये," आर्डिस मागच्या सीटवरून हळूच म्हणाल्या.

बायसनने मान वळवली. मग त्याच्या छातीतून एक आवाज निघाला. हंबरणं नव्हे, खोल खड्ड्यात ट्रक सुरू करावा तसला. तो माझ्या कानांना नाही, स्टिअरिंगवरच्या हातांना कळला.

"त्यांना हाक मारा ना," मी म्हणालो.

"मागच्या गाडीत माणसं आहेत," आर्डिस म्हणाल्या. "चारचौघांत नवऱ्यावर ओरडू का मी?"

"आर्डिस, तो त्यांना मारेल!"

"मला दिसतंय." त्यांनी पर्स छातीशी धरली होती. "ऑर्लिनच्या हृदयाच्या गोळ्या माझ्याकडे आहेत," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा म्हणाल्या, "गोळ्या माझ्याकडे आहेत."

बायसनची शेपटी उचलली गेली. प्रवेशद्वारावर मिळालेल्या कागदावर तेवढं एकच वाक्य जाड अक्षरांत होतं: शेपटी वर गेली तर पळा. ऑर्लिननी कागद वाचला नव्हता, पण गुरं त्यांना कळत होती. टोपी मांडीवर आपटायची थांबली. ते जागच्या जागी उभे राहिले. मागे सरकायला त्यांनी पाय उचलला, आणि नव्या खुब्याने तो वाटेतच सोडून दिला. दोघांमध्ये आता एका पलंगाएवढं अंतर होतं. वाऱ्याबरोबर ओल्या लोकरीचा आणि मुताचा वास गाडीत आला.

"लायल," ऑर्लिन मान न वळवता म्हणाले. अगदी सौम्यपणे, जेवताना मीठ मागावं तसे. "तुला वेळ असेल तर गाडी जरा इकडे आणशील का?"

तीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. माझा पाय ब्रेकवरच होता. गाडी दचकली तर? बायसन गाडीवर आला तर ऑर्लिन मध्ये सापडतील. नाही आला, तर सरळ त्यांच्यावर जाईल.

"चल," आर्डिस म्हणाल्या. मग त्या ओरडल्या. त्यांच्या लग्नाला अठ्ठावन्न वर्षं झाली, पण त्यांचा ओरडा मी पहिल्यांदाच ऐकला. "अरे चल ना, मेल्या!"

मी ब्रेक सोडला. गाडी गोगलगायीसारखी डावीकडून पुढे सरकली. बायसनने डोकं खाली घातलं, खुराने डांबर खरवडलं आणि तो निघाला. मी डोळे मिटले. हे मी पत्नीला सांगितलेलं नाही.

आदळल्याचा आवाज आला नाही. डोळे उघडले तेव्हा ऑर्लिन उभेच होते, आणि बायसन त्यांच्या बाहीला जवळजवळ घासून, खांबाला वळसा घालावा तसा पलीकडे गेला होता. आरशात बघितलं. आमच्या गाडीच्या आड, रस्त्याच्या कडेला, इतका वेळ एक मादी शांतपणे गवत खात उभी होती. गाडी हलली आणि ती त्याला दिसली. दोघं उतारावरून चालती झाली.

ऑर्लिन येऊन बसले. टोपी घालायला त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला. आर्डिसनी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढलाच नाही.

"बघितलंस?" ऑर्लिन म्हणाले. "सांगितलं की ऐकतात."

"गप्प बस, ऑर्लिन," आर्डिस म्हणाल्या. त्या रडत होत्या.

तेवढ्यात कुरणाचा रखवालदार जीप घेऊन आला. खाली का उतरलात म्हणून त्याने ऑर्लिनना रीतसर झापलं. मी सगळी हकिगत सांगितली: केवढा प्रचंड होता, कसा गुरगुरला, मृत्यू कसा वीतभर अंतरावरून गेला. त्याने उताराकडे बघितलं.

"तो होय," तो म्हणाला. "तो अजून लहान आहे. मोठे टेकडीपलीकडे आहेत."