धवलारणीचा पहिला नारळ

*पोरगी काय करते?*
(विचारणारे: शंकरराव, सोसायटीचे सेक्रेटरी. ठिकाण: अंबरनाथ पश्चिम, गेटजवळचा बाक.)

"सीए," जयदेव म्हणाला.

तेव्हा ते खोटं नव्हतं. उन्नतीने बारावीनंतर सीएची पहिली परीक्षा एका दमात काढली होती. जयदेवने सोसायटीत पेढे वाटले होते आणि शंकररावांनी दोन उचलले होते. पुढे ते खोटं झालं, पण उत्तर बदलायचं राहून गेलं. सवय लागली की माणूस जुनाच शर्ट घालतो, तसं.

*पोरगी काय करते?*
(विचारणारी: जयदेवची चुलत वहिनी. ठिकाण: पालेगाव, तिच्या घराची ओटी.)

गावात सीए चालण्यासारखं नव्हतं. वहिनीने उन्नतीला हळदीच्या मांडवात म्हाताऱ्या भागीरथीआत्याच्या शेजारी मांडी घालून बसलेली पाहिली होती. भागीरथीआत्या म्हणजे पालेगावची धवलारीण. आगऱ्यांच्या घरी लग्न निघालं की हळदीपासून पाठवणीपर्यंत धवले गात सगळे विधी लावणारी बाई. देवांना, पितरांना ती आवतण देते, मगच मांडवात बाकीच्यांना किंमत. हल्ली तिचा आवाज बसला होता. ती अर्धी ओळ म्हणायची, उरलेली उन्नती उचलायची.

"हौस आहे तिची," जयदेव म्हणाला.

"हौस? या वयात? अरे, धवलारीण म्हंजे नातवंडांची बाय. हिला कोन धवलारनीच्या पाटावर बसवंल?" वहिनी हसली. "आनि उद्या हिच्याच लग्नात धवले कोन गानार? हीच?"

ओटीवरच्या बायका हसल्या. जयदेवही हसला. हसून झाल्यावर चहा कडू लागला.

*पोरगी काय करते?*
(विचारणारा: जयदेव स्वतः. उत्तर देणारी: वेणू, त्याची बायको. ठिकाण: स्वयंपाकघर. आवाज: मोठा.)

"गाते! किती वेळा सांगू? क्लास सोडलाय तिने. तुम्हालाही माहितीये."

"गाते म्हणजे काम झालं का? आपली जमीन गेली, वेणू. तिथे आता टॉवर उभे आहेत, आपण त्याच्याकडे बोट दाखवतो फक्त. आता डिग्री हाच आपला सातबारा. तो तरी पोरीच्या नावावर असू दे."

उन्नती दारात येऊन उभी होती. कानातला एक इयरफोन तिने काढला. फोनमध्ये भागीरथीआत्या चालू होती, बारीक, खरखरत.

"पप्पा, सीए कधीपण करता येईल. आत्या कधीपण नाही मिळणार."

"डायलॉग नको मारू."

"डायलॉग नाही. तिचे निम्मे धवले अजून माझ्याकडे यायचेत. आणि मला हे कामच करायचंय. धंदाच. मला यातच नाव काढायचंय."

शेवटी ठरलं ते असं. तुळशीचं लग्न लागेपर्यंत उन्नतीच्या स्वतःच्या नावाने कुठल्या लग्नघराचा नारळ, म्हणजे धवले गायचं आवतण, आला, तर बाप तोंड उघडणार नाही. नाही आला, तर क्लास. आत्याच्या मागून जाणं यात धरायचं नाही.

उन्नतीने हात पुढे केला. बापलेकीने हात मिळवले, दुकानात सौदा करतात तसे.

दिवाळी गेली. सोसायटीतल्या तुळशीच्या कुंड्यांना गेरू लागला. नारळ आला नव्हता. उन्नती जेवताना बोलेनाशी झाली, आणि जयदेवने क्लासची नवीन बॅच कधी आहे ते गुपचूप विचारून ठेवलं.

*धवलारीण कुठं राहते?*

हा प्रश्न वेगळा आहे. हा रविवारी सकाळी आला, रिक्षातून. जयदेव हाफ पॅन्टवर खाली उभा होता आणि शंकरराव पिवळ्या फडक्याने गाडी पुसत होते. रिक्षातून टोपी घातलेला एक गृहस्थ उतरला, मागून त्याची बहीण. तिच्या हातात ताट, ताटात नारळ, विडा, सुपारी.

"मी बाळ, बदलापूरकडचा. धवलारीन र्‍हाते ना इथं? उन्नती नावाची?"

जयदेवने ताटाकडे पाहिलं. मग शंकररावांकडे.

"नाही," तो म्हणाला. "इथं कुणी धवलारीण नाही. गावात विचारा. पालेगावात."

इतकं सोपं होतं. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"बग, मी सांगत होते बिल्डिंगीत नसंल," बहीण म्हणाली. तिने ताटावर पदर ओढला. दारातून माघारी गेलेला नारळ त्या दारात पुन्हा येत नाही, हे तिला ठाऊक होतं. जयदेवलाही ठाऊक होतं.

शंकररावांनी फडकं पिळलं. "धवलारीण म्हणजे काय हो, जयदेवराव? तुमच्यातलं काही?"

"असते एक बाई. लग्नात," जयदेव म्हणाला. "गाते."

"म्हणजे ऑर्केस्ट्रा?"

"ऑर्केस्ट्रा नाय हो साहेब!" रिक्षात एक पाय ठेवलेला बाळ मागे वळला. "माजी थोरली बहीन, भाचीची आई, करोनात गेली. हलदीला ही पोर म्हातारीसंगती आलेली. म्हातारीचा आवाज गेला, तवा हिनं उचललं. पितरांना आवतन दिलं, त्यात भाचीच्या आईला नावानं हाक मारली. ये बाय, तुज्या लेकीला हलद लागते, म्हनून. आनि काय सांगू, माजी भाची पाटावर होती ना, ती जराशी बाजूला सरकली. आईला बसाया जागा केली."

बहिणीने पदराने नाक पुसलं.

"माज्या पोरीला पन आई नाय," बाळ म्हणाला. "पोरगी अडून बसलीय. धवले गाईल तर तीच गाईल. चल गं, पालेगावात बगू."

रिक्षावाल्याने रिक्षा सुरू केली.

जयदेवच्या डोळ्यांसमोर उन्नती नव्हती. पाटावर सरकलेली ती मुलगी होती, जिला त्याने कधी पाहिलं नव्हतं. आणि मग एकदम उन्नती आली, फोन कानाला लावून, एकच नाव पुन्हापुन्हा घोकणारी. उन्हाळ्यात, लग्नसराईत. कुणाचं नाव घोकतेस, हे त्याने विचारलंही नव्हतं.

"ओ! ओ बाळशेठ! थांबा!"

तो अनवाणी धावला. रिक्षा गेटबाहेर थांबली.

"माझी पोरगी आहे ती," जयदेव म्हणाला. धाप लागली होती. "मघाशी मी... द्या. नारळ द्या."

बहिणीने ताट मागे घेतलं. "आता नाय बोल्लात ना?"

"चुकलो, ताई."

"उघड्या डोक्यानं घेनार?"

जयदेवने इकडेतिकडे पाहिलं. शंकरराव मागोमाग आले होते. त्याने त्यांच्या हातातलं पिवळं ओलं फडकं ओढलं, डोक्यावर टाकलं आणि दोन्ही हात पुढे केले. साबणाचं पाणी कानामागून मानेवर उतरलं. बहिणीने बाळकडे पाहिलं. बाळने मान हलवली. तिने नारळ जयदेवच्या ओंजळीत ठेवला.

रिक्षा वळून गेटपाशीच थांबली, रिक्षावाला परतीचं भाडं आधी मागत होता आणि सुटे निघत नव्हते.

"जयदेवराव," शंकरराव म्हणाले, "पोरगी सीए करत होती ना?"

"सोडलं तिने. धवलारीण आहे."

"मग मला का नाही सांगितलंत?"

जयदेव जिन्याकडे वळला.

दार उन्नतीने उघडलं. आधी तिने बापाच्या डोक्यावरचं फडकं पाहिलं, मग ओंजळ. ती नारळ घ्यायला पुढे झाली नाही. तिचा चेहरा एकदम कामावरच्या माणसासारखा झाला.

"कुणाचं लग्न?"

"बदलापूरकडचे आहेत. बाळ म्हणून. मुलीला आई नाहीये."

"आईचं नाव काय?"

जयदेवने मागे जिन्याकडे पाहिलं.

"पप्पा, नाव नको का विचारायला? आवतण काय देऊ मी? आणि आजीआजोबा आहेत का? गेले असतील तर त्यांचीही नावं."

जयदेवने नारळ मागून आलेल्या वेणूच्या हातात दिला आणि फडक्यासकट जिना उतरू लागला. खालून रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला. "ओ बाळशेठ!" तो दुसऱ्या मजल्यावरून ओरडला. "ओ, नावं! नावं सांगा!"